पाण्याचं घड्याळ घरी करायचंय? मुलांना घेऊन बसण्याआधी हे वाचा

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक लग्न झालं, तिथे गुरुजींनी तांब्याच्या भांड्यात पाणी भरून त्यात एक छोटी वाटी सोडली, हळदकुंकू वाहिलं आणि पुढच्या विधीला लागले. माझा मुलगा 9 वर्षांचा, तो वाटीपाशीच बसून राहिला. वाटीच्या बुडाला भोक आहे आणि त्यातून पाणी आत येतंय हे त्यानं पाहिलं आणि जेवणाच्या पंगतीत मला विचारलं की आई ती वाटी बुडवायची का होती. मी म्हटलं ती घटिका, पूर्वीचं घड्याळ. मग "आपण करूया ना" सुरू झालं. इंदूरमध्ये मे महिन्यात दुपारी मुलांना बाहेर सोडायची सोयच नाही, पुण्याहून 11 वर्षांची भाची आलेली, वरच्या मजल्यावरची जुळी दिवसभर आमच्याकडेच, म्हणून केलं. तीन वेळा बिघडलं, चौथ्यांदा नीट जमलं. काय काय बिघडलं ते सगळं खाली लिहिते म्हणजे तुमचे ते तीन दिवस वाचतील.

1. आधी ठरवा, कोणतं करायचं

दोन प्रकार आहेत. एकात भांड्यातून पाणी बाहेर गळतं आणि पातळी किती उतरली यावरून वेळ कळते. दुसऱ्यात रिकामी वाटी पाण्यावर तरंगते, भोकातून हळूहळू भरते आणि बुडते, ती आपली घटिका. "घटका भरली" म्हणतो ना आपण, ते इथूनच, आणि घड्याळ हा शब्दसुद्धा घटीवरूनच आलाय.

माझं मत विचाराल तर सुरुवात बाटलीच्या घड्याळापासून करा, ते एका दुपारी होतं आणि मुलांच्या हाताला भरपूर काम मिळतं. घटिकेला धीर लागतो आणि एक वस्तू बाहेरून करून आणावी लागते. 6-7 वर्षांच्या मुलांना फक्त बाटलीचं पुरे, 9-10 च्या पुढच्यांना दोन्ही करू द्या.

2. सामान

- कोल्ड्रिंकची 2 लिटरची रिकामी बाटली, झाकणासकट. पाण्याच्या बाटल्या घेऊ नका, त्यांना आडव्या वळ्या असतात आणि पुढे रेघांचा सगळा घोळ होतो. भिंत सरळ आणि गुळगुळीत पाहिजे.
- बसायचं प्लास्टिकचं स्टूल, ज्याच्या मधोमध भोक असतं ते
- स्टुलाखाली मावेल असा सरळ उभ्या भिंतीचा स्टीलचा डबा
- जुना पंचा किंवा धुतलेलं सुती कापड, गाळायला
- मास्किंग टेप, परमनंट मार्कर, पट्टी
- शिवणाची सुई, सांडशी, मेणबत्ती
- कटर (फक्त मोठ्यांच्या हातात)
- दोन स्ट्रॉ, थर्माकोलचा तुकडा
- स्टॉपवॉच असलेला मोबाईल
- घटिकेसाठी: पातळ स्टीलची वाटी आणि तपेलं किंवा बादली

विकत आणायचं जवळपास काहीच नाही. स्टूल नसेल तर दोन खुर्च्यांच्या मध्ये फळी टाकून जमवता येतं पण स्टूल सगळ्यात सोपं.

जागा म्हणजे मोरी किंवा गच्चीची सावली. आणि दिवस पाणी येण्याचा निवडा, आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि टाकी तळाला गेलेली असताना मुलांना पाण्यात खेळवायचं म्हणजे आपलाच जीव वर-खाली होतो. पाणी वाया मात्र जात नाही, तेच तेच पुन्हा वापरायचं आणि शेवटी कुंड्यांना घालायचं.

3. बाटली कापा आणि उलटी बसवा

बाटलीचं बूड कापून टाका. हे काम तुम्ही करा. कापलेली कड धारदार असते, तिच्यावर लगेच टेप गुंडाळा, आमच्या जुळ्यांपैकी एकाचं बोट पहिल्याच दिवशी कापलं ते टेप लावायची राहिली म्हणूनच.

आता बाटली उलटी करून तिचं तोंड स्टुलाच्या भोकात घाला, खांद्यावर ती बसते. डुगडुगत असेल तर फडक्याची चुंबळ करून स्टुलावर ठेवा आणि त्यात बसवा. चुंबळ म्हणजे काय हेही मुलांना कळेल, आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं.

इथे एक चूक सगळे करतात, मी पण केली. दुसरी बाटली अर्धी कापून तिच्यात ही उलटी बाटली खोचायची असं बहुतेक ठिकाणी दाखवतात. दिसतं छान, पण वरच्या बाटलीचं तोंड खालच्या बाटलीत बरंच खोल जातं आणि खालचं पाणी चढत चढत झाकणापर्यंत आलं की भोकच पाण्याखाली जातं, धार मंदावते आणि शेवटच्या रेघा सगळ्या चुकतात. आमचा पहिला दिवस यातच गेला. भोकाखाली मोकळी हवा राहिलीच पाहिजे, म्हणून स्टूल.

4. भोक

झाकणाला भोक पाडायचं, बाटलीला नाही. म्हणजे बिघडलं तर फक्त झाकण बदलता येतं, म्हणून तीन-चार झाकणं जमवून ठेवा.

सुई सांडशीत धरून मेणबत्तीवर तापवा आणि झाकणाच्या मधोमध एकदाच सरळ टोचून बाहेर काढा. गोल गोल फिरवू नका, भोक मोठं होतं. साधारण 1 मिलिमीटरचं भोक पाहिजे. त्याच्यावर आमच्या बाटलीचा सरळ भाग, म्हणजे 15 सेंटीमीटर उंचीचं पाणी, 25 मिनिटांत उतरलं. भोक दुप्पट रुंद झालं तर तेच पाणी सहा-सात मिनिटांत संपतं, कारण रुंदी दुप्पट झाली की भोकाचं क्षेत्रफळ चौपट होतं, हे भाचीनं वहीत काढून आम्हाला दाखवलं.

भोकाच्या कडेला वितळलेल्या प्लास्टिकचा टवका राहतो, तो नखानं काढा. राहिला तर धार वाकडी जाते आणि डब्याबाहेर पडते.

5. पाणी गाळून घ्या, ही पायरी सोडू नका

दुसऱ्या दिवशी आमचं घड्याळ 11 व्या मिनिटाला बंद पडलं. धारेचे थेंब झाले, मग तेही थांबले. झाकण उघडून उजेडात धरलं तर भोकात बारीकसा कण. टाकीच्या तळाचं पाणी होतं. कापड दुहेरी करून गाळलं आणि पुन्हा कधी अडकलं नाही.

गणिती भास्कराचार्यांच्या मुलीची, लीलावतीची गोष्ट मुलांना इथेच सांगा. लग्नाची वेळ कळावी म्हणून घटिका पाण्यात सोडलेली, लीलावती वाकून बघते, तिच्या दागिन्यातला मोती वाटीत पडतो, भोक बुजतं, पाणी आत येणं थांबतं आणि मुहूर्त निघून जातो. दंतकथाच आहे, पण भोकात कण अडकलेला स्वतः बघितल्यावर मुलं ती ज्या पद्धतीनं ऐकतात ते वेगळंच. सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात या यंत्राचं वर्णन आहे, तांब्याचं पात्र, बुडाला भोक, एका दिवसरात्रीत 60 वेळा बुडणारं, आणि ते ठेवायचं कुठे तर स्वच्छ पाण्यात. स्वच्छ हा शब्द तिथे मुद्दाम घातलेला आहे.

रंग घालायचा असेल तर खायचा रंग किंवा शाईचे दोन थेंब. हळद चुकूनही नको, ती विरघळत नाही, खाली बसते आणि भोक बुजवते.

6. रेघा मुलांनीच मारायच्या

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी. आधीच सारख्या अंतरावर रेघा मारलेली पट्टी चिकटवून देऊ नका.

1. बाटलीवर उभी मास्किंग टेप चिकटवा. बाटली कोरडी पाहिजे, ओल्या बाटलीवर टेप सुटते.
2. टेपवर वरच्या बाजूला शून्याची रेघ मारा आणि पाणी तिच्या थोडं वरपर्यंत भरा. भोकाला एका मुलाचं बोट.
3. बोट काढा. पाणी शून्याच्या रेघेवर आलं की स्टॉपवॉच सुरू. बोट काढल्याबरोबर सुरू केलं तर पहिला आकडा नेहमी चुकतो.
4. एकानं वेळ सांगायची, एकानं रेघ मारायची, एकानं वहीत लिहायचं. दर 5 मिनिटांना एक रेघ.
5. रेघ मारताना डोळा पाण्याच्या लेव्हलला आणा. उभं राहून वरून बघितलं की रेघ चुकते. मुलांना खाली बसवा नाहीतर पोटावर झोपू द्या.
6. बाटली जिथून निमुळती होते तिथे थांबा, त्याच्या खाली रेघा मारू नका.

मग पट्टीनं अंतरं मोजायला सांगा. आमच्याकडे पहिल्या पाच मिनिटांत पाणी साडेतीन सेंटीमीटर उतरलं आणि शेवटच्या पाच मिनिटांत अडीच. मुलगा म्हणाला ताईनं रेघ चुकीची मारली, ताई चिडली, दोघांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं, तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा कुठे दोघं गप्प झाले आणि मला विचारलं की असं का होतं. त्या प्रश्नापर्यंत ते स्वतः पोचले पाहिजेत, आपण घाई करून उत्तर आधीच दिलं की ती मजा जाते.

उत्तर असं की वर पाणी जास्त असतं तेव्हा भोकावर दाब जास्त, धार जोरात. पाणी उतरत गेलं की दाब कमी, धार मंद. पण उंची निम्मी झाली म्हणून वेग निम्मा होत नाही, वेग निम्मा व्हायला उंची चौथा हिस्सा व्हावी लागते. इटलीच्या टॉरिचेल्लीनं सतराव्या शतकात हा नियम मांडला. मुलांना नियम पाठ करायला लावू नका, धार किती जोरात सुटते ते दाखवा. त्यासाठी दुसऱ्या एखाद्या बाटलीला बाजूला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोकं पाडा, खालच्या भोकाची धार सगळ्यात जोरात सुटलेली डोळ्यांना दिसते.

7. रेघा सारख्या अंतरावर पाहिजेत तर

लोकांनी यावर हजारो वर्षं डोकं चालवलंय. इजिप्तमध्ये कर्नाकला सापडलेलं पाण्याचं घड्याळ साधारण 3400 वर्षांपूर्वीचं, त्याच्या भिंती तिरप्या आहेत, वर रुंद खाली अरुंद, म्हणजे धार मंद झाली तरी पातळी बऱ्यापैकी सारखी उतरते. नंतर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसनं वेगळीच युक्ती काढली, वरचं भांडं सतत काठोकाठ भरलेलं ठेवायचं आणि वेळ खालच्या भांड्यात मोजायची. आपल्याला घरी हीच जमते.

बाटलीला वरच्या बाजूला एक मोठं भोक पाडून त्यात स्ट्रॉ बसवा, फटी एमसीलनं बुजवा, आणि स्ट्रॉचं दुसरं टोक बाजूच्या बादलीत सोडा. आता एका मुलानं तांब्यानं वरून थोडं थोडं पाणी घालत राहायचं, जास्तीचं स्ट्रॉमधून बादलीत जातं, बाटलीतली पातळी हलत नाही. खालच्या डब्यात थर्माकोलची चकती तरंगत ठेवा, तिच्यात उभी स्ट्रॉ खोचा, वर कागदाचा झेंडा. पाणी चढतं तसा झेंडा वर येतो आणि बाजूला उभ्या केलेल्या पट्टीवर वेळ वाचायची.

आमचा डबा 14 सेंटीमीटर रुंद होता, त्यात दर 5 मिनिटांनी झेंडा साधारण 2 सेंटीमीटर चढायचा, प्रत्येक वेळी तेवढाच. पाणी घालायचं काम धाकट्यांना द्या, ते कंटाळत नाहीत. फक्त बदाबदा ओतू देऊ नका, झेंडा नाचायला लागतो. डबा खाली निमुळता किंवा पोट असलेला असेल तर सगळं पुन्हा बिघडतं, म्हणून सरळ भिंतीचा म्हटलं.

8. आता घटिका

एक घटिका म्हणजे 24 मिनिटं. 60 घटिकांचा एक दिवसरात्र. एका घटिकेत 60 पळं, म्हणजे एक पळ 24 सेकंदांचं. प्रहर साडेसात घटिकांचा, म्हणजे 3 तास. हे कोष्टक मुलांना करू द्या, 60 नं भागायची चांगली प्रॅक्टिस होते.

वाटी कोणती घ्यायची यात आमचा तिसरा दिवस गेला. आम्ही प्लास्टिकची वाटी घेतली, भोक पाडायला सोपी म्हणून. ती भरली, काठोकाठ भरली, आणि तशीच पाण्यावर तरंगत राहिली. त्या वाटीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं, बुडणार कशी. वाटी धातूचीच पाहिजे, स्टील, पितळ, तांबं काहीही चालेल, पण पातळ.

स्टीलला घरी बारीक भोक पडत नाही, खिळा ठोकाल तर वाटी चेपते आणि भोक फाटकं येतं. बर्तन बाजारात नावं घालून देतात त्यांच्याकडे विचारलं, इतकं बारीक ते करत नाहीत. मग आईनं सुचवलं की सोनाराकडे जा. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री खायलाच जातो आपण, पण दिवसा तिथल्या कारागिरांकडे दागिन्यांना भोकं पाडायची बारीक ड्रिल असते. मी 40 ग्रॅमची वाटी घेऊन गेले, कारागीर म्हणाले, "दीदी, इत्ते बारीक छेद का क्या करोगे?" मी सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, भोक पाडून दिलं, आणि पैसे घेतले नाहीत, म्हणाले वेळ बरोबर आली की सांगायला या.

आता लक्ष द्या, भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. त्यामुळे पहिल्यांदा लहानच पाडून घ्या. आम्ही 0.7 मिलिमीटरचं घेतलं, वाटी बुडायला 31 मिनिटं लागली. पुन्हा गेलो, 0.8 चं करून घेतलं, 23 मिनिटं 40 सेकंद आली. 20 सेकंद कमी. 60 घटिकांमध्ये तो फरक 20 मिनिटांचा होतो, हा हिशोब मुलानं स्वतः केला आणि त्याला फार वाईट वाटलं. पण लग्नातल्या घटिकेइतकी तरी ही नक्कीच खरी आहे असं मी त्याला सांगितलं आणि आम्ही तिथेच थांबलो.

तुमची वाटी 24 मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ घेत असेल तर पुन्हा ड्रिल करायच्या आधी वाटीत एक रुपयाचं नाणं टाकून बघा, भोकावर येणार नाही असं. वजन वाढलं की वाटी जास्त दबते, पाणी जोरात आत येतं, वेळ कमी होतो.

वाटी सोडताना:

- तपेलं वाटीच्या दुप्पट खोल पाहिजे, वाटी तळाला टेकायला नको.
- वाटीला तेलाचा किंवा साबणाचा अंश नको. नुसत्या पाण्यानं खळबळून घ्या.
- दोन्ही हातांनी सपाट सोडा. वाकडी पडली तर एका बाजूनं पाणी शिरून लगेच बुडते.
- पंखा बंद. वाऱ्यानं लाटा येतात आणि शेवटच्या मिनिटाला काठावरून पाणी आत जातं.

शेवटचं मिनिट बघण्यासारखं असतं. काठ पाण्याच्या बरोबरीला येतो, पाणी काठाभोवती फुगून उभं राहतं, क्षणभर काहीच होत नाही आणि मग वाटी एकदम खाली जाते. पूर्वी यासाठी माणूस बसवलेला असायचा, वाटी बुडाली की तो टोला द्यायचा आणि वाटी रिकामी करून पुन्हा सोडायचा. आमच्याकडे जुळ्यांनी ताट आणि पळी घेतली होती, ते टोले शेजारच्यांनी पण ऐकले.

हिवाळ्यात केलंत तर आकडे वेगळे येतील. गार पाणी भोकातून जरा जड वाहतं, आमच्या वाटीला जानेवारीच्या सकाळी जवळजवळ एक मिनिट जास्त लागलं. म्हणून मे महिन्यात मारलेल्या रेघा जानेवारीत वापरू नका, पुन्हा तपासा.

आणि एखाद्या रविवारी उज्जैनला जाणार असाल तर महाकालचं दर्शन झाल्यावर मुलांना वेधशाळेत न्या. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली, 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवून घेतलेली. तिथलं सूर्यघड्याळ आपल्या मनगटी घड्याळापेक्षा साधारण 27 मिनिटं मागे असतं, ऋतूप्रमाणे सुमारे 15 मिनिटांपर्यंत कमीजास्त. ते बिघडलेलं नाही, ते उज्जैनची स्वतःची वेळ दाखवतं आणि आपलं घड्याळ मिर्झापूरच्या जवळून जाणाऱ्या रेषेची, जिथली वेळ सगळ्या भारतासाठी धरतात. घरी पाण्याचं घड्याळ केलेली मुलं हे पटकन पकडतात.

9. आवरताना

पाणी भरलेली बादली किंवा तपेलं लहान मुलांपाशी एकटं सोडू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. काम झालं की सगळं रिकामं करा, साठवून ठेवलं की डास होतात.

झाकणाचं आणि वाटीचं भोक फुंकर मारून कोरडं करा. आमच्याकडे बोअरचं पाणी वापरलं की भोकाच्या कडेला पांढरा क्षार जमतो आणि महिन्याभरात वेळ वाढायला लागते. वाटी रात्रभर लिंबाच्या पाण्यात ठेवली की क्षार निघतो. त्यात सुई घालून कोरू नका, भोक मोठं होईल आणि मग पुन्हा सराफा गाठावा लागेल.